पांढरी मुळी

लाइट आता जेवणवेळेपर्यंत यायचे नाहीत. मंचरला सध्या हे रोजचंच आहे. बसा तुम्ही, मी चिमणी लावतो. खिडक्या मात्र बंद राहू द्या. उकडेल थोडं, पण वाऱ्याने ज्योत टिकत नाही. मी पंखा घालतो हाताने. सवय झाली आहे त्याची.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, पलंग असा खोलीच्या मधोमध का ओढून ठेवलाय. मी हसून विषय बदलला. पण अंधारात बसायचंच आहे, तर सांगतो. खुर्ची तेवढी आहे तिथेच असू द्या. पलंगाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला नेऊ नका.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्यांची माती तपासून द्यायची. माझी बायको साधना गेल्यावर मी दुकान बंद करणार होतो, पण करण्यासारखं दुसरं काही येत नव्हतं, म्हणून चालू ठेवलं. गेल्या माघात सुभाष नावाचा एक शेतकरी आला. घोडेगावच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला त्याचा मळा. म्हणाला, "सर, द्राक्षं लावायचीत. माती एकदा बघून घ्या. मागनं बोंब नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरवर माती काढायचं गिरमिट बांधून मी निघालो. ऊन छान होतं. कालवा तुडुंब भरून चालला होता, आवर्तन नुकतंच सुटलं होतं. भरावावरून खाली पाहिलं आणि माझं मन खट्टू झालं. माती तपासायचीही गरज नव्हती. बांधावरच्या बाभळी, शेवगे, एक जुनी चिंच, सगळी झाडं शेंड्याकडून वाळत आलेली. जमीन चिबड झाली होती. कालव्याचा पाझर खालून चढत येतो आणि मातीच्या कणांमधली हवा हुसकून तिथे पाणी बसतं. ओल आणि हवा जोडीने नांदतात तोवर वाफसा. हवा गेली की मुळं गुदमरतात. झाड तहानेने मरतं त्याहून हे मरण वाईट. पाण्यात उभं राहून, श्वासावाचून.

त्या सगळ्या वठलेल्या झाडांमध्ये एकच आंबा हिरवागार होता. सुभाषच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून. पानं काळपट हिरवी, आणि मोहोर इतका की फांद्या दिसत नव्हत्या. मधमाश्यांचा घोंगाट भरावापर्यंत ऐकू येत होता.

"हा कसा जगला?" मी विचारलं.

"खोबऱ्या आंबा हाय, सर," सुभाष म्हणाला. चाळिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. पण माझ्याकडे न बघता बोलत होता. "त्याचं राहू द्या. तुमी माती घ्या."

मी आंब्यापासून थोड्या अंतरावर गिरमिट फिरवलं. हातभर खाली माती निळसर राखी लागली आणि सडक्या अंड्याचा वास आला. हेही अपेक्षितच होतं. गिरमिट उपसताना भोकातून आवाज झाला. चिकट मातीत तो होतोच, खाली हवा ओढली जाते. पण मी तसाच वाकून थांबलो. असा आवाज मी शेतात कधी ऐकला नव्हता. पुण्याच्या इस्पितळात ऐकला होता. साधनाची फुप्फुसं हळूहळू राठ होत गेली होती. शेवटी शेवटी मास्कखाली ती श्वास ओढायची तो असाच यायचा. लांब, ओला, अर्ध्यावर अडलेला. मी तिच्या उजव्या हाताशी, खिडकीच्या बाजूला बसलेला असायचो. त्या आजाराचं नाव मला येत होतं, गोळ्यांची नावं येत होती. त्याचा उपयोग काही नव्हता.

मी सरळ उभा राहिलो. गिरमिट माझ्या हातात होतं, भोक शांत होतं. आणि तो आवाज पुन्हा आला.

घरातून.

"आई हाय," सुभाष म्हणाला. "चला, च्या घेऊ."

पडवीत सारजाबाई वाकळेवर खांबाला टेकून बसल्या होत्या. ज्यांना आडवं होता येत नाही ते बसतात तशा, हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून. वाळलेल्या, पण डोळे तरतरीत.

"या पावणं," त्या म्हणाल्या. एकेका शब्दाला थांबत होत्या. "मातीला डाक्तर... पार मंचरवरनं. आन् मला बघाया... कंपाउंडर. मातीचं... नशीब."

"आई, बोलू नको. धाप लागंल."

"लागलीच हाय की. आता काय... ऱ्हायलंय लागायचं?"

सून चहा घेऊन आली. कप खाली ठेवायला गेली तर तो कलंडला. तेव्हा माझं लक्ष गेलं. पडवीची शहाबादी फरशी सगळी सपाट होती. फक्त सारजाबाईंच्या वाकळेखालची एक बाजूने उचलली गेली होती, ताज्या पोळीला फुगा यावा तशी.

"जिथं हातरूण टाकावं तिथली फरशी उचलती," सून हळूच म्हणाली. "आत टाकलं, आत उचलली. सैपाकघरात टाकलं, तिथं. कालवा बंद असला का आत्याबाई बऱ्या असत्यात. भाकरी करत्यात, मलाच शिव्या देत्यात. कालवा सुटला का..."

"आळे गावाला लेकीकडं नेलं व्हतं," सुभाष म्हणाला. "म्हनलं हवा बदल. तिथं सारवलेली जमीन. चार दिस लई झाक गेले. मग यक दिवशी सकाळपास्नं धाप. इकडं कालवा सुटला म्हनून तिला कुनी सांगितलंसुदिक नव्हतं, सर. आन् वाकळ उचलून बघितलं तर जमिनीला भेग."

मी माती वाचणारा माणूस. मी त्यांना समजावलं. म्हणालो, झाड जेवतं आणि श्वास घेतं ते जाड तपकिरी मुळांनी नव्हे, त्यांच्या टोकांना फुटणाऱ्या केसाएवढ्या पांढऱ्या मुळीने. ती पांढरी मुळी हवा असेल तिकडेच जाते. खाली पाणी भरलं म्हणून ती वर निघाली. फरशीखाली पोकळी आहे, तिथे तिला हवा मिळाली. यात घाबरण्यासारखं काही नाही. लेकीच्या घरच्या भेगेबद्दल मी काही बोललो नाही.

"उचला फरशी," मी म्हणालो. "दाखवतो तुम्हाला."

सुभाषने सारजाबाईंना धरून बाजूला घेतलं आणि पहारीने फरशी उलथली.

खाली पोकळी नव्हती. पांढऱ्या मुळ्यांचा गच्च थर होता, सुकत घातलेल्या शेवयांसारखा. त्यांना मातीचा कण चिकटलेला नव्हता. आणि सगळी टोकं वर होती, प्रकाशाकडे. मुळी प्रकाशापासून तोंड फिरवते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी गुडघे टेकून पाहत होतो. सारजाबाईंनी मागे श्वास ओढला. ती सगळी टोकं, एकदम, किंचित त्यांच्या बाजूला कलली. श्वास सुटला, तशी सैल झाली.

सुभाषने पहार खाली ठेवली.

"हवंसाठी न्हाईत त्या... बाबा," सारजाबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी हायेत."

मग त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये दम घेत, पण हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं. कालवा झाल्यापासून खोबऱ्याने मोहोर धरला नव्हता. त्यांचे मालक रखमाजी तेव्हा होते. ते म्हणाले, धाक दाखवू. त्यांच्याकडे रीत आहे. न फळणाऱ्या झाडासमोर एकाने कुऱ्हाड उगारायची, म्हणायचं, हे खातं आणि देत नाही, तोडतो. दुसऱ्याने हात धरायचा, म्हणायचं, नका तोडू, पुढल्या साली देईल. पहिल्याने विचारायचं, जामीन कोण? दुसऱ्याने म्हणायचं, जामीन मारुतीराया.

"देवाचंच नाव घ्यायचं... आपलं न्हाई. देवाकडनं झाड... काय वसूल करनार?" सारजाबाई म्हणाल्या. "पन मला हसू फुटलं रं. ह्यो एवढासा मानूस... कुऱ्हाड धरून... नाटकातल्या राक्षसावानी. हसता हसता म्हनले, मी जामीन. मालक वरडले, मारुतीचं नाव घे, मारुतीचं! पन तवर... बोलून झालं व्हतं."

"आणि पुढच्या साली मोहोर आला," मी म्हणालो.

"भरून आला. आन् मला धाप."

मी सुभाषला अंगणात घेतलं. चर खणा म्हणालो, झाड आणि घराच्या मधून. पाणी उतरू द्या, झाडाला त्याच्या जागी हवा मिळाली तर...

"खनली, सर. ती बगा." घराच्या कडेला चर होती. काठोकाठ भरलेली, वर हिरवा तवंग. "कालवा वर, आमी खाली. पानी जानार कुठं? हापिसात गेलो, म्हनले पाझर समद्यांनाच हाय."

"निदान आतल्या मुळ्या तरी काढून टाका."

हे मी म्हणालो. सुभाष पडवीत गेला, विळा घेतला आणि मुळ्यांची एक मूठ धरून कापली. पांढरं पाणी ठिबकलं. सारजाबाईंनी दोन्ही हातांनी गळा धरला. ओरडल्या नाहीत, ओरडायला आत काही नव्हतं. सून त्यांची पाठ चोळायला लागली. सुभाषने हातातल्या मुळ्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि विळा फेकून कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"लई झालं हिच्या मायला!" म्हणत तो मागच्या अंगाला धावला.

मी घराच्या कोपऱ्यापाशी उभा होतो. डावीकडे झाड दिसत होतं, उजवीकडे पडवी. दोन्ही फक्त मलाच दिसत होतं. पहिला घाव बसला. मोहोराचा पिवळा सडा पडला. उजवीकडे सारजाबाईंचं अंग खांबावरून उसळलं. मी हाक मारली, सुभाषला ती ऐकू गेली नाही. दुसरा घाव बसला. त्यांच्या ओठांचा रंग बदलला. त्या रंगाला जांभळा म्हणतात, निळा म्हणतात. मी तो ओळखतो. तो दिसल्यावर किती वेळ उरतो तेही मला ठाऊक आहे.

मी धावलो आणि सुभाषचा हात धरला.

"थांब! ती जाते आहे. तू मारतोयस तिला!"

"सोडा सर! तोडलं तर मरती, न्हाई तोडलं तर मरती. मी करू काय? तुमी शिकलेलं ना? सांगा!" तो रडत होता. एवढा मोठा माणूस, नाक पुसायचंही त्याला भान नव्हतं. "कुऱ्हाड खाली ठिवतो. आई जगंल याला जामीन कोन? तुमी?"

"हो, मी," मी म्हणालो. "मी जामीन. आधी ती कुऱ्हाड टाक."

बोलल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. मी झाडाच्या बुंध्याला टेकून, कुऱ्हाडीचा हात धरून उभा होतो.

मधमाश्या थांबल्या. एवढ्या मोहोरावर एकही आवाज उरला नाही. कालव्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. मग पडवीतून कुणीतरी खोलवर, शेवटपर्यंत श्वास घेतला, आणि सोडला. झोपेतून उठलेलं माणूस घेतं तसा.

सारजाबाई भिंतीला हात लावत चालत आल्या. गाल तांबूस झाले होते. सून मागे, तोंडाला पदर लावून. सुभाष "आई" म्हणून पुढे झाला, तर त्यांनी त्याला बाजूला सारलं. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आभार नव्हते त्यांच्या तोंडावर.

"असं का बोललास रं बाबा?" एकाही शब्दाला न थांबता त्या म्हणाल्या. "मी म्हातारी व्हते. माझं काय ऱ्हायलं व्हतं? मागं घे. आत्ताच्या आत्ता मागं घे."

"घेतलं," मी म्हणालो. "मागं घेतलं."

त्यांनी मान हलवली. "मी बी लई येळा म्हनले तसं."

घरी येताना मला धाप लागेल म्हणून मी वाट पाहत होतो. लागली नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. मुद्दाम जिने चढून पाहिले, छातीत हवा भरून पाहिली. पूर्वीपेक्षा बरं वाटत होतं. सुभाष निरोप देऊन गेला की आई शेतात जाते, सुनेला शिव्या देते, पडवीतली फरशी बसली. चैत्रात त्याने कैऱ्यांची पिशवी आणून दिली. इथे ओट्यावर पडून सुकल्या त्या. मला खाववल्या नाहीत. मी स्वतःला समजावलं, म्हातारीचा दमा होता, धक्क्याने थांबला. मुळ्या वाऱ्याने हलल्या.

मग उन्हाळी आवर्तन सुटलं.

पलंग तेव्हा खिडकीला लागून होता. सकाळी केर काढताना झाडू अडला. पलंग ओढून पाहिलं तर एक लादी कडेने उचललेली. हा दुसरा मजला आहे. खाली जोशींचं स्वयंपाकघर आहे, त्यांच्या छताला ओलसुद्धा नाही, मी पाहून आलो. इमारतीभोवती सगळीकडे डांबर. लादीच्या फटीतून एकच पांढरी मुळी आली होती. बोटाएवढी लांब, स्वच्छ.

मी खाली बसलो. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी जामीन राहिलो होतो, ती वसुलीला आली. ठीक आहे. माझंही काय राहिलं आहे?

पण मी दाराकडच्या बाजूला झोपतो. लग्न झाल्यापासून दाराकडे मी आणि खिडकीकडे साधना. ती गेल्यावरही मी कधी सरकलो नाही. मुळी माझ्याकडे वळलेलीच नव्हती. ती साधनाच्या उशीकडे होती.

पलंग खोलीच्या मध्ये आणला. जुनी मुळी वाळून गेली आणि नवी आली, पुन्हा त्याच बाजूला. मी तिकडे निजून पाहिलं, माझं तोंड तिच्यापाशी नेऊन पाहिलं. म्हणालो, मी आहे, इकडे ये, मी बोललो होतो, साधनाने नाही. ती माझ्यापासून तोंड फिरवून राहिली. पांढरी मुळी हवा असेल तिकडेच जाते, हे मीच त्या लोकांना शिकवून आलो होतो. म्हणजे श्वास त्या बाजूला होता.

कापणार कशी? कापल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे.

कालवा बंद असतो तेव्हा ती बाजू शांत असते. सुटला की तो आवाज सुरू होतो. लांब, ओला, अर्ध्यावर अडलेला. इस्पितळात मी समजूत घातली होती की निदान आता तिचं ओढणं संपलं. ते संपलं होतं. मी एक शब्द बोललो आणि आता ती ते पुन्हा ओढते आहे, माझ्यासाठी. मी त्याच जागी बसतो, उजव्या हाताशी. तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं, आताही नाही. पंखा घालतो.

मघापासून तुमच्या लक्षात आलं असेल, हा पंखा मी मला घालत नाही, तुम्हालाही घालत नाही. तिकडे घालतो आहे. कालवा आज सकाळी सुटला.

हात भरून आला, जरा थांबतो. घाबरू नका, बसा. फक्त चिमणीकडे बघा. खिडक्या पहिल्यापासून बंद आहेत, दार बंद आहे, पंखा माझ्या मांडीवर आहे. ज्योत आता सरळ उभी राहायला हवी.

बघा, कशी पलंगाकडे ओढली जाते... आणि सुटते.

आणि पुन्हा.